कोडे आधी, व्याकरण मागाहून

श्रोतेहो, साठी उलटल्यावर माणसाने नवी भाषा शिकू नये असे कोणी म्हटलेले नाही. मात्र शिकताना आपली फजिती झाली, तर ती चारचौघांत सांगू नये, असा एक व्यवहारी संकेत आहे. आज मी तो संकेत मोडणार आहे, कारण माझ्या फजितीतून जे मला कळले ते माझ्या यशातून कळले नसते.

छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झालो आणि संगणकाची एक भाषा शिकावी असे मनात आणले. त्या भाषेचे नाव पायथन. नाव ऐकून अजगर डोळ्यांपुढे येतो. पण गिडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ साली ती जगापुढे ठेवली, तेव्हा त्याच्या मनात अजगर नव्हता, तर ‘माँटी पायथन’ नावाची एक इंग्रजी विनोदी मालिका होती. ज्या भाषेच्या बारशालाच विनोद हजर होता, ती आपल्याला फार छळणार नाही, अशी माझी भाबडी समजूत झाली.

संगणकाची भाषा म्हणजे काय, हे ज्यांचा तिच्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांत सांगतो. यंत्राला जे काम सांगावयाचे ते निःसंदिग्धपणे, पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. त्या लिखाणाला आपण प्रोग्रॅम किंवा आज्ञावली म्हणतो. हे लिखाण ज्या नियमांनी करावयाचे ती भाषा. तिचे राखीव शब्द थोडे असतात. पायथनमध्ये ते पस्तीसच्या आसपास आहेत. म्हणजे शब्दसंग्रहाच्या दृष्टीने ही भाषा आपल्या मराठीच्या एखाद्या आडगल्लीएवढीही नाही. परंतु त्या थोड्या शब्दांच्या जोडीला ती अनेक सोयी देते. वस्तू ओळीने मांडण्यासाठी यादी असते. एका गोष्टीवरून दुसरी शोधण्यासाठी कोश असतो. एकच वस्तू दोनदा येऊ न देणारा संच असतो. अक्षरांची माळ असते, तिला स्ट्रिंग म्हणतात. एखादे काम एकदा लिहून ठेवून पुनःपुन्हा करवून घेण्यासाठी फलन असते. भाषा शिकणे म्हणजे या सोयी शिकणे, असे मी समजत होतो.

मग मी एक जाडजूड ग्रंथ विकत आणला. सहाशे पानांचा. रोज सकाळी दोन तास याप्रमाणे तीन महिन्यांत तो मी वाचून काढला. जुन्या सवयीप्रमाणे तांबड्या व निळ्या शाईने टिपणे काढली. यादी म्हणजे काय, संच म्हणजे काय, दोहोंत फरक कोणता, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारले असते तरी मी सांगितले असते. शाळेत असताना आम्ही संस्कृतची रूपावली अशीच पाठ केली होती. सातही विभक्त्या तिन्ही वचनांत धडाधड म्हणून दाखवीत असू. पण कोणी संस्कृतात ‘पाणी आण’ म्हणावयास सांगितले असते, तर वर्ग चिडीचूप झाला असता.

माझी गतही तीच झाली. दिवाळीच्या सुट्टीत माझी नात घरी आली. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने माझी वही चाळली, अक्षराचे कौतुक केले आणि विचारले, “आजोबा, या भाषेत तुम्ही अजून काही लिहिलंत का?” मी म्हटले, “अगं, आधी भाषा पुरती येऊ दे, मग लिहीन.” त्यावर ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा. तिने एवढेच विचारले, “तुम्ही वर्गात मुलांना कापरेकरांच्या संख्येची गंमत दाखवायचात ना? मग तीच या यंत्राकडून करून घ्या.”

श्रोत्यांपैकी अनेकांना द. रा. कापरेकर हे नाव परिचयाचे असेल. नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलेला हा गृहस्थ संख्यांचा वेडा होता. १९४९ साली त्यांनी जी गंमत शोधून काढली ती अशी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक एकच नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून दुसरी करा. पहिलीतून दुसरी वजा करा. जे उरेल त्यावर तीच क्रिया पुन्हा करा. उदाहरणार्थ १९४७ घेऊ. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. मग ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. पुढे ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया केली तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. गाडी तेथे कायमची थांबते. कोठूनही निघा, फार तर सात पावलांत तुम्ही या मुक्कामाला येताच. या साध्या शिक्षकाच्या संशोधनाची दखल मार्टिन गार्डनर या विख्यात अमेरिकन लेखकाने १९७५ साली आपल्या सदरात घेतली, आणि मग आपल्याकडेही अनेकांना त्यांची ओळख पटली.

ही क्रिया मी फळ्यावर हजार वेळा केली असेल. पण यंत्राला ती सांगावयास बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. संख्येचे अंक सुटे कसे करावयाचे? यंत्राच्या लेखी १९४७ ही एक अखंड राशी आहे. तिला चार तुकडे नाहीत. तुकडे आहेत ते तिच्या लेखनाला. म्हणजे संख्येची आधी अक्षरांची माळ केली पाहिजे. माळ केली की तिच्यातील अंक क्रमाने लावता येतात. परंतु क्रमाने लावल्यावर भाषा माळ परत देत नाही, सुट्या अंकांची यादी देते. ती यादी पुन्हा ओवून माळ करावयाची आणि माळेची पुन्हा संख्या करावयाची, तेव्हा कोठे वजाबाकी. संख्या, माळ, यादी, माळ, संख्या, असा हा पाच मुक्कामांचा प्रवास. या पाचही गोष्टी माझ्या वहीत निरनिराळ्या पानांवर निळ्या शाईने लिहिलेल्या होत्या. एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट मात्र वहीत नव्हती, कारण मला कधी जावेच लागले नव्हते.

संध्याकाळपर्यंत आज्ञावली चालू झाली. मोठ्या उत्साहाने मी १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सर्व, म्हणजे ९००० संख्या तिच्यापुढे ठेवल्या. किती संख्या ६१७४ ला पोचतात आणि किती शून्याला, हे मोजण्यास सांगितले. ज्यांचे चारही अंक सारखे अशा ११११, २२२२ वगैरे ९ संख्या शून्याला जाणार हे उघडच होते. यंत्राने उत्तर दिले : शून्याला जाणाऱ्या संख्या ७७.

श्रोतेहो, मला हे सांगण्यास संकोच वाटतो, पण क्षणभर मी कापरेकरांवरच संशय घेतला. मनात म्हटले, सत्तर-पाऊणशे वर्षांत जे कोणाच्या ध्यानात आले नाही ते आपल्याला सापडले की काय! मग त्या आगंतुक ६८ संख्यांची नावे यंत्राकडून मागविली. १०००, १०११, ११०१, १११०, १११२, ११२१, अशी ती यादी होती. दोन संध्याकाळी मी तिच्याकडे पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी ध्यानात आले की त्या सर्वांत तीन अंक एकच आहेत आणि चौथा त्यांच्याहून एकानेच कमी किंवा जास्त आहे. मग २१११ घेऊन हाताने वजाबाकी केली. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. कागदावर मी नकळत डावीकडचे शून्य लिहिले होते. यंत्राने ते लिहिले नव्हते. त्याच्या दृष्टीने संख्या होती नुसती ९९९. तिचे अंक उलटसुलट केले तरी ९९९, आणि वजाबाकी शून्य! ते हरवलेले शून्य जागेवर ठेवले की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, आणि मग निमूटपणे ६१७४.

डावीकडे शून्ये भरून रुंदी कायम राखण्याची सोय भाषेत आहे. ती मी वाचलेली होती. वहीत शोधली तर टिपणही सापडले. खाली ‘विशेष उपयोग दिसत नाही’ असा माझाच शेरा होता. ते टिपण काढताना मला एका शून्याची किंमत ठाऊक नव्हती. ६८ निरपराध संख्यांना मी चुकीच्या गावी धाडले, तेव्हा ती ठाऊक झाली. संख्या वेगळी आणि संख्येचे लेखन वेगळे, हे तत्त्व मी गणिताचा शिक्षक असूनही त्या दिवशी खऱ्या अर्थाने शिकलो.

आजच्या भाषणात मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. भाषेची कोणतीही सोय ही मुळात कोणाच्या तरी अडचणीचे उत्तर असते. आपण ग्रंथात उत्तर वाचतो. अडचण आपल्या वाट्याला आलेलीच नसते. म्हणून ते उत्तर मनात ठरत नाही. कोडे आपल्याला ती अडचण आणून देते. आधी खोळंबा, मग सोय, असा क्रम असला की सोय कायमची आपली होते.

याची आणखी दोन उदाहरणे देतो. कापरेकरांची क्रिया चार अंकांवर साधली, म्हणून मी ती दोन अंकी संख्यांना लावली. यंत्र जे चालू झाले ते थांबेचना. कारण शोधले तेव्हा दिसले की तेथे एकच मुक्काम नाही, एक रिंगण आहे. ८१ वरून ६३, ६३ वरून २७, २७ वरून ४५, ४५ वरून ९, आणि ०९ हे दोन अंक धरले की पुन्हा ८१. माझी आज्ञावली घाण्याच्या बैलासारखी या पाच संख्यांभोवती फिरत होती. तिला थांबवावयाचे तर ‘ही संख्या पूर्वी पाहिली आहे का’ हे ओळखता आले पाहिजे. पाहिलेल्या वस्तू टाकून ठेवण्यासाठी आणि ‘ही आत आहे का’ असे विचारताच क्षणात होय-नाही सांगण्यासाठी भाषेत संच आहे. यादीलाही हा प्रश्न विचारता येतो. पण ती पहिल्या नावापासून शेवटपर्यंत वाचीत जाते. पाच नावांना याने काही बिघडत नाही, पाच लाखांना बिघडते. संच आणि यादी यांतील जो फरक मी झोपेतही सांगू शकत होतो, तो जागेपणी मला या रिंगणाने शिकविला.

दुसरे उदाहरण थोडे दूरचे आहे. एरिक वास्टल नावाचे एक अमेरिकन गृहस्थ २०१५ पासून दर डिसेंबरात रोज एक याप्रमाणे कोडी प्रसिद्ध करीत आले आहेत. या उपक्रमाला ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ म्हणतात आणि जगभरचे हजारो लोक ती सोडवितात. त्यांची खुबी अशी की बहुतेक कोडी दोन भागांत असतात, आणि पहिला भाग सुटल्याखेरीज दुसरा दिसत नाही. २०२१ सालचे सहाव्या दिवसाचे कोडे माशांचे होते. प्रत्येक माशाजवळ एक आकडा. तो रोज एकाने कमी होतो. शून्य झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सहा होतो आणि आठ आकड्याचे एक नवे पिल्लू जन्माला येते. नमुन्यादाखल पाच मासे दिलेले : ३, ४, ३, १, २. ऐंशी दिवसांनी मासे किती?

मी सरळ यादी केली. तिच्यात प्रत्येक माशाचा आकडा ठेवला, रोज प्रत्येकातून एक वजा केला, पिल्लांना यादीच्या शेपटाला जोडले. ऐंशी दिवसांनी ५,९३४ मासे. उत्तर बरोबर! मग दुसरा भाग उघडला. तेथे एकच बदल होता : ऐंशीच्या जागी २५६ दिवस. मी आकडा बदलला आणि स्वयंपाकघरात पाणी प्यावयास गेलो. परत येतो तो यंत्र घामाघूम होऊन निपचित पडलेले.

याचे कारण उत्तर कळल्यावर समजले. २५६ दिवसांनी त्या पाच माशांचे २,६९८ कोटी ४४ लाख ५७ हजार ५३९ मासे होतात. प्रत्येकाला यादीत नुसती एकेक जागा द्यावयाची म्हटली तरी दोनशे गिगाबाइटांहून अधिक स्मृती लागेल. माझ्या यंत्रात ती आठ होती. बराच वेळ मी याहून मोठे यंत्र हवे, असेच घोकीत होतो. मग एका दुपारी पडल्या पडल्या सुचले की मला एकेका माशाशी कर्तव्यच नाही. ज्यांचा आकडा तीन ते सगळे मासे एकसारखेच वागणार. शाळेत हजेरी घेताना मुलांची नावे लागतात. पण खाऊ वाटताना कोणत्या इयत्तेत किती मुले आहेत एवढेच पुरते. शून्यापासून आठपर्यंत आकडे नऊ. म्हणजे नऊच घरे. प्रत्येक घरात त्या आकड्याच्या माशांची गणती. रोज प्रत्येक घरातली गणती एक घर खाली सरकवावयाची, शून्याच्या घरातली सहाच्या घरात मिळवावयाची आणि तेवढीच आठच्या घरात ठेवावयाची. २५६ दिवसांचे काम यंत्राने डोळ्याचे पाते लवण्याच्या आत केले.

त्या दिवशी मला कोशाचा उपयोग समजला. वस्तू साठविण्याऐवजी वस्तूंची गणती साठवावी, हे कोणत्याही भाषेच्या व्याकरणात लिहिलेले नसते. पण भाषेतील सोयींच्या मागे जी दृष्टी असते ती हीच. जाता जाता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अनेक भाषांत नेहमीच्या पूर्णांकाला ठरावीक जागा असते, आणि ती बत्तीस द्विमान अंकांची असली तर २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ यापुढे गणती जात नाही. माशांची संख्या त्याच्या कितीतरी पलीकडे गेली होती. पायथनमध्ये पूर्णांकाला स्मृती असेतोवर मर्यादा नाही. हे वाक्य ग्रंथाच्या दुसऱ्याच प्रकरणात होते. वाचताना मी त्यावरून पुढे सरकलो होतो, जसे आपण आगगाडीतून एखादे लहान स्टेशन पाहत पुढे जातो.

आता एक कोडे आपल्या घरचे. छंदःशास्त्रात लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारांनी रचता येईल? दोन गुरू, चार लघु, आणि एक गुरू व दोन लघु यांच्या तीन मांडण्या, असे पाच प्रकार. बाराव्या शतकात हेमचंद्राने याचा नियम स्पष्ट सांगितला, आणि त्याच्याही पूर्वी विरहांकाला तो ठाऊक होता. ओळीचे शेवटचे अक्षर लघु असेल किंवा गुरू. लघु असल्यास त्याआधी एक मात्रा कमी असलेली ओळ, गुरू असल्यास दोन मात्रा कमी असलेली. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज करीत जावे. पाश्चात्त्य जगात ही मालिका फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा आहे.

हा नियम जसाच्या तसा भाषेत उतरविता येतो. फलन स्वतःलाच हाक मारते : चाळीस मात्रांसाठी एकोणचाळीस आणि अडतीस मात्रांचे उत्तर मागते, ती दोघे त्यांच्या आधीच्यांना विचारतात. याला पुनरावर्तन म्हणतात. चार ओळींची ती आज्ञावली मला काव्याइतकी सुंदर वाटली. पण चाळीस मात्रांना ती मिनिट-दीड मिनिट गप्प बसली. मी हाका मोजावयास लावल्या. निघाल्या ३३ कोटी ११ लाख ६० हजार २८१! तेहतीस कोटी देवांना आळवून मी काय मिळविले, तर १६ कोटी ५५ लाख ८० हजार १४१ हे एक उत्तर. कारण उघड होते. दहा मात्रांचे उत्तर एकदा काढल्यावर फलन ते विसरून जात होते आणि पुन्हा लागले की पुन्हा मुळापासून काढीत होते. विसराळूपणाचा हा खर्च होता. पन्नास मात्रांना तो तासांच्या घरात गेला असता.

यावर उपाय म्हणजे एकदा काढलेले उत्तर लिहून ठेवणे. मी ते कोशात लिहून ठेवण्याची व्यवस्था स्वतः केली, आणि शून्यापासून चाळीसपर्यंत ४१ उत्तरांत काम संपले. मग नातीने दाखविले की फलनाच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की भाषा ही आठवण आपण होऊन ठेवते. ही ओळ मला आधी दाखविली असती तर मी ती मंत्रासारखी लिहिली असती. स्वतः वही ठेवून पाहिल्यावर मात्र ती ओळ काय करते, आणि कोठे तिचा उपयोग नाही, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

श्रोतेहो, ही पद्धत नवी आहे असे समजू नका. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली, तिच्यात नियमांच्या पाठोपाठ उदाहरणे आहेत, आणि ती कोरडी नाहीत. नऊ हात उंच खांबाच्या टोकावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे. दोघे सारख्याच अंतरात एकमेकांना गाठतात, तर बिळापासून किती हातांवर? उत्तर बारा हात. काटकोन त्रिकोणाचा नियम विसरलेल्या माणसालाही तो मोर आठवतो, आणि मोराच्या पाठोपाठ नियम येतो. आज ‘प्रोजेक्ट ऑयलर’ नावाच्या संग्रहात, जो २००१ साली सुरू झाला, नऊशेहून अधिक गणिती कोडी आहेत. त्यांचे कुळ हेच.

कोड्यांचे एवढे गुणगान केल्यावर त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोड्यात दिलेली माहिती नेहमी स्वच्छ असते. व्यवहारात कोणी वयाच्या रकान्यात गावाचे नाव लिहितो, आणि आज्ञावलीला तेही निभवावे लागते. शिवाय कोड्याचे उत्तर मिळाले की आपण लिहिलेली आज्ञावली पुन्हा कोणी वाचावयाची नसते. त्यामुळे ती आखूड, चलाख आणि दुर्बोध करण्याचा मोह होतो. मीही एकदा सारे काम एकाच ओळीत बसविले आणि आठ दिवसांनी ती ओळ मलाच लागेना. खऱ्या कामातल्या आज्ञावल्या माणसे माणसांसाठी लिहितात, वर्षानुवर्षे दुसरे लोक त्या दुरुस्त करतात. तेथला सभ्यपणा कोडी शिकवीत नाहीत. तो सहकाऱ्यांत बसूनच शिकावा लागतो.

आणि आता, ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण देण्याचे मान्य केले ती सांगतो. एकदा एका चक्रव्यूहातून सर्वांत कमी खर्चाची वाट शोधण्याचे कोडे मला सुटेना. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी कोणाची तरी तयार आज्ञावली पाहिली आणि उतरवून घेतली. उत्तर बरोबर आले. संध्याकाळी फोनवर मी नातीला मोठ्या दिमाखात सांगितले. तिने आज्ञावली मागवून घेतली, वाचली आणि सहज विचारले, “आजोबा, इथे साधी रांग का नाही चालली?”

मला उत्तर देता आले नाही. छत्तीस वर्षे मी मुलांच्या वह्यांत उतरविलेली गणिते ओळखत आलो होतो. ‘ही पायरी कोठून आली?’ हा माझा ठरलेला प्रश्न असे. तोच प्रश्न आज माझ्याकडे परत आला होता, आणि मी त्या मुलांसारखाच खाली पाहत होतो. ती काही बोलली नाही. पण मी ते लिखाण पुसून टाकले. पुढे अकरा दिवस लागले. आधी प्रत्येक वाट चालून पाहिली, मग आतापर्यंत ज्या वाटेचा खर्च सर्वांत कमी तिलाच पुढे न्यावे हे सुचले, आणि मग उमगले की आधी आलेल्याला आधी सोडणारी साधी रांग येथे उपयोगाची नाही. ज्याचा खर्च कमी त्याला आधी सोडणारी रांग हवी. तशी रांग भाषेत तयार आहे. मागाहून वाचले की डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ साली ही पद्धत प्रसिद्ध केली होती. मी सहा दशके उशिरा पोचलो. पण चालत पोचलो, याचे समाधान काही और होते.

आता तर प्रश्न साध्या मराठीत सांगितला तरी क्षणात आज्ञावली लिहून देणारी यंत्रे हाताशी आली आहेत. त्यांचा मी शत्रू नाही; ज्याला काम उरकावयाचे आहे त्याने ती अवश्य वापरावीत. परंतु शिकणाऱ्याच्या हातून ती जर काही हिरावून घेत असतील, तर तो आहे मधला खोळंबा. तो खोळंबा फुकट गेलेला वेळ नव्हे. त्याच वेळात डोक्यात सोयीसाठी जागा तयार होत असते. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. आपले उत्तर येईपर्यंत, भले ते ओबडधोबड असो, दुसऱ्याचे पाहावयाचे नाही. ते आल्यावर मात्र दुसऱ्यांची उत्तरे अवश्य पाहावयाची, यंत्रालाही विचारावयाचे. आपण अडखळून गेल्यावर दुसऱ्याच्या उत्तरातील प्रत्येक शब्द आपल्याशी बोलू लागतो. त्याआधी तो नुसता छापलेला असतो.

ती सहाशे पानांची प्रत अजून माझ्या टेबलावर आहे. पूर्वी मी ती पहिल्या पानापासून वाचीत असे. आता कोड्यात अडलो की हवे ते पान उघडतो. टिपणांची वहीही आहे. त्यातल्या ‘विशेष उपयोग दिसत नाही’ या शेऱ्यावर मी काट मारलेली नाही. तो तसाच ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारी तांबड्या शाईने ६८ हा आकडा लिहून ठेवला आहे.

आपल्यापैकी ज्यांना ही वाट धरावीशी वाटेल, त्यांच्यासाठी एक लहानसे कोडे ठेवून आपली रजा घेतो. चार अंकांचा मुक्काम मी सांगितला, दोन अंकांचे रिंगणही सांगितले. तीन अंकी संख्यांचे काय होते, ते सांगितलेले नाही. संगणक नसला तर कागद-पेन्सिलीने पाहा. असला तर त्याला सांगून पाहा. आणि हो, डावीकडचे शून्य सांभाळा.